नववा प्रश्न

कुंदनचं नाव काढलं की अजूनही माझं तोंड कडू होतं. आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचं नाव काढलं तरीही.

सुरतेत, उधन्याला चेतनभाईंची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. बारा जण काम करतो. मी, हर्षदा, तिथे टेस्टर. कुंदन तिथलाच प्रोग्रामर. पलसाण्याच्या एका डाइंग मिलचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्या गिरणीचं काम आमच्याकडे आलं, तेही त्याच्यामुळेच. त्याचे वडील सुकदेवकाका बावीस वर्षं त्या मिलमध्ये चार नंबरच्या मशीनवर आहेत. सेठला त्यांनीच सांगितलं, माझा पोरगा हे काम करतो म्हणून.

मिलमध्ये पाच कंपन्यांची पाच मशीनं, त्यांना जेट म्हणतात. आत कापड आणि रंगाचं पाणी एकशेतीस डिग्रीवर, दाबाखाली उकळतं. ही सगळी एका कॉम्प्युटरवरून चालवायची होती. त्यासाठी प्रत्येक मशीनचा एकेक ऑब्जेक्ट लिहायचा, म्हणजे त्या मशीनच्या वतीने बोलणारा प्रोग्रामचा तुकडा. पाचांनाही तेच नऊ प्रश्न विचारले जाणार. तापमान किती, पाणी किती, असे. नववा प्रश्न, झाकण आता उघडू का? दाब उतरायच्या आधी झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट माणसाच्या तोंडावर येतं. म्हणून 'हो' आलं तरच स्क्रीनवर हिरवा दिवा लागायचा.

पाचही ऑब्जेक्ट नऊच्या नऊ प्रश्नांना ठरल्याप्रमाणे उत्तर देतात की नाही, हे तपासणारी टेस्ट मी लिहिली. बटण दाबलं की ती आपोआप सगळ्यांना धारेवर धरते. दिवाळीच्या सुट्टीनंतर लाभपाचमला मिल उघडणार, त्याच मुहूर्ताला काम सुरू करायचं होतं. चार नंबरचा ऑब्जेक्ट कुंदनने दोन दिवसांत लिहून दिला. टेस्ट पास. चेतनभाईंनी लोचो मागवला आणि मीही दोन प्लेटा हाणल्या.

लाभपाचमनंतर आठवड्याने काही दुसरंच शोधताना मी कुंदनची फाइल उघडली. नवव्या प्रश्नाच्या खाली एकच ओळ होती. उत्तर, हो. दाब मोजणं नाही, मशीनला विचारणं नाही, काही नाही. त्या जुन्या मशीनच्या दाबमापकाला वायर जोडायची सोय नव्हती, वेगळा सेन्सर बसवायला आठ दिवस गेले असते. या पठ्ठ्याने सरळ 'हो' लिहून टाकलं होतं, आणि माझी शहाणी टेस्ट काय बघत होती? उत्तर येतं का, आणि ते हो-नाहीमध्येच आहे का. उत्तर खरं आहे का हे मी विचारलंच नव्हतं. मला माझीच शिसारी आली.

त्याच सकाळी मी टेस्ट वाढवली. दाब दोन बार आहे असं खोटंच सांगायचं आणि झाकण उघडू का विचारायचं. 'नाही' यायला हवं. आलं 'हो'. टेस्ट नापास. मी चेतनभाईंना दाखवलं, त्यांनी कुंदनला सांगितलं, आणि अर्ध्या तासात टेस्ट पुन्हा पास. इतक्या लवकर कशी, म्हणून मी फाइल उघडली. दाब बरोबर दोन असेल तर 'नाही', एरवी 'हो'. सेन्सरचा पत्ताच नाही. म्हणजे माझी टेस्ट जो एक आकडा विचारते, तेवढ्यापुरतं खरं बोलायचं. वरणाचा घास तोंडात आणि दाताखाली झुरळ यावं तसं झालं मला. शी.

चेतनभाई म्हणाले, "चालशे, बेन. बधुं ग्रीन छे ने?" टेस्ट सगळं पास दाखवते, तेवढं त्यांना पुरे होतं. वर मिलला यातलं काही कळवायचं नाही अशी ताकीद दिली. कुंदनला मी जिन्यात गाठलं. तुझा बाप उभा असतो रे त्या मशीनपाशी, म्हटलं. त्याने मोबाइलवरून मानही उचलली नाही. आबा स्क्रीन बघतच नाहीत, म्हणाला, ते बावीस वर्षं हाताच्या अंदाजावर झाकण उघडतात. हे इतक्या निवांतपणे सांगितलं की त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. मी काढला नाही. पर्स घेतली आणि स्कूटर थेट पलसाण्याला नेली.

सुकदेवकाका चार नंबरपाशीच होते, मशीन तापलेलं. मी डिंडोलीची, त्यांच्या पुढच्याच गल्लीतली, त्यामुळे त्यांनी कौतुकाने सगळं दाखवलं. पूर्वी म्हणे ते बारका व्हॉल्व्ह उघडायचे, वाफ थांबेपर्यंत थांबायचे, पाइपला हात लावून बघायचे आणि मगच झाकणाला हात घालायचे. आता हे सगळं सोडलं.

"आते काय गरज?" ते स्क्रीनकडे बोट करून म्हणाले. "मना पोऱ्यानी बनाडेल शे."

दिवा हिरवाच होता. आत कापड उकळत होतं, तरीही हिरवा. मी म्हटलं, काका, या दिव्यावर जाऊ नका, तो चुकीचा आहे. ते हसले. पोरगा चुकीचं कसं लिहील, त्यांनी विचारलं, आणि पाऊण तासात हा घाणा उतरवायचाय म्हणाले. मी हात जोडले, तरी त्यांना ती माझी ऑफिसातली जळजळ वाटली. मग मी बाहेर येऊन कुंदनला फोन केला. तुझा बाप दिवा बघूनच झाकण उघडतोय, माझं ऐकत नाही, पाऊण तास आहे, म्हटलं. निघतो, म्हणाला आणि फोन ठेवला.

तो चाळीस मिनिटांत आला. काका झाकणाकडे निघालेच होते. कुंदनने धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"आबा, ती लाइट खोटी शे," तो म्हणाला. "मशीनले ती काईच इचारत नही. मी नुसतं हो लिखी टाकेल शे."

काका चिडतील, एक ठेवून देतील असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं. त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा पोराकडे. मग आजूबाजूच्या मशीनवरच्या माणसांनी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं.

"तुनी मायले सांगू नको," ते हळूच म्हणाले. "तिनी आख्खी गल्लीमा पेढा वाटेल शेतस."