म्हशीची शिंक

मी पियानो बोलतोय. हसू नका, माजलगावकडच्या सहकारी साखर कारखान्यातसुद्धा पियानो असू शकतो! हैदराबादेत एका बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा आमच्या चेअरमनसाहेबांनी मला हौसेनं उचलून आणलं. इथं मला पियानो कुणी म्हणत नाही. मी 'मोठी पेटी'.

मला वाजवायला बसल्या कारखान्याच्या बालवाडीच्या सत्यभामाबाई. त्यांचा जन्म गेला हार्मोनियमवर. त्यामुळं उजवा हात सुरात आणि डावा हात हवेत भाता मारतोय! माझ्यात भाता नाही, हे त्या डाव्या हाताला पटता पटता उन्हाळा सरला.

मग पावसानं दगा दिला, दुष्काळ पडला. ऊस नाही, गाळप बंद. रिकामा बसलेला फिटर सटवा शिकायला आला. त्याचं एक बोट माझ्या दोन पट्ट्या दाबायचं. दुसऱ्या कुणी त्याला हाकलून दिलं असतं, पण बाईंनी त्याच्या चुकांवरच चाली बांधल्या. 'लंगडी कोंबडी'त बोट अडखळलंच पाहिजे. 'म्हशीची शिंक' तर विचारूच नका. चार सूर हळूहळू चढायचे, आणि मग दोन्ही कोपरं धाडकन पट्ट्यांवर! बाई म्हणायच्या, हसू आलं की शिकणाऱ्याची बोटं मोकळी होतात, अन् शिकवणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहतं.

पुढच्या उन्हाळ्यात आवारात जनावरांची छावणी लागली. वडवणीकडून छबुबाई एक गाय घेऊन आली. तिची म्हैस छावणी लागायच्या आधीच मेली होती. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती. एकदा सटवाची शिंक ऐकून ती दाराशी आली आणि तोंडाला पदर लावून पोट धरधरून हसली. मग रोज यायला लागली. मी चकित! माझ्या असल्या बेसूर दणक्यात एवढी ताकद असेल, हे मला कुठं ठाऊक होतं?

पण ऊन लई वाईट. तारा जुळवणाऱ्यानं बजावलं होतं, उन्हाळ्यात पेटीच्या आत पाणी ठेवा, नाहीतर तारांखालची फळी वाळून चिरेल आणि आवाज कायमचा जाईल. बाई आपल्या वाट्यातलं तांब्याभर पाणी रोज माझ्या पोटात ठेवायच्या.

एक दिवस टँकर आलाच नाही. छबुबाईनं तो तांब्या पाहिला.

"लाकडाला पाणी पाजता व्हय, बाई? माझी गाय कोरडी हाय."

बाईंनी तांब्या उचलून तिच्या हातात दिला. खरं सांगतो, मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी माझ्या आत काडकन आवाज झाला, फळी चिरली. सटवानं शिंक काढली, तर खालचे सूर नुसते खरखरले. कुणी हसलं नाही. आता उरलेली फळीही धरणार नाही, असं म्हणून बाईंनी झाकण लावलं आणि शिकवणी थांबवली.

संध्याकाळी टँकर आला. पाठोपाठ छबुबाई आली, अर्धा तांब्या पाणी घेऊन. गाय पोटभर पेली, हे माझ्या वाटणीचं हाय, म्हणाली. बाई नको नको म्हणत राहिल्या.

"माझी म्हस तर गेली, बाई. तिची शिंक तरी ऱ्हाऊ द्या."

बाईंनी झाकण उघडून तो तांब्या माझ्या पोटात ठेवला. बंगल्यात माझा थाट मोठा होता. रोज मखमलीनं पुसायचे मला. पण माझ्यासाठी कुणी तहान सोसेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं. खालचे सूर गेले ते गेले. वरचे अजून शाबूत आहेत. बाबांनो, तुम्हीही या, खुशाल चुका, पण मला वाजवा. आज माझ्यासमोर स्टुलावर छबुबाई बसलीय. चार सूर झालेत. तिनं दोन्ही कोपरं उचललीत.