मोहझरी गेटवरची झाकलेली ओळ

खिडकी कुठलीही असो, तिच्यामागे बसलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची सवय फार लवकर लागते. तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच अशा खिडक्यांसमोर उन्हं खाल्ली आहेत. पण खिडकीमागच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, मी काय केलं बाप्पा? मी तर फक्त नियम सांगितला! मारेगावच्या दीपाला ही सवय अवघ्या चार महिन्यांत लागली होती, आणि ती लागल्याचं तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

पांढरकवड्याहून आत गेलं की अभयारण्याचं मोहझरी गेट लागतं. तिथल्या तिकीट खिडकीवर दीपा कंत्राटावर बसायची. बी.ए. झालेली, घरी धाकटी बहीण शिकत असलेली, आणि नोकरी दर हंगामाला नव्यानं मिळणारी. ती द्यायची की नाही हे ठरवणार खेमसिंग. तो गेटच्या जिप्सीवाल्यांचा म्होरक्या, आणि गावसमितीतही त्याचाच शब्द चालायचा.

खिडकीशेजारी दरांचा मोठा फलक होता. प्रवेश, गाडी, गाइड, कॅमेरा, सगळं लिहिलेलं. पण फलकाच्या खालच्या भागावर एक फ्लेक्स तारेनं आवळून बांधला होता. त्यावर जबडा उघडलेला वाघ आणि 'मोहझरीत आपले स्वागत आहे'. पहिल्याच दिवशी खेमसिंगनं बजावलं होतं, "हे पाय बाई, हा फ्लेक्स काढाचा नाई. खाली फालतूची एक ओळ हाय, ते कोनी वाचली का आपला नंबर वाया जाते."

ती ओळ अशी होती : 'पुनर्वसित मोहझरी गावातील कुटुंबांना ओळखपत्र दाखवून प्रवेश, वाहन व मार्गदर्शक निःशुल्क.' बारा वर्षांपूर्वी जंगलातलं मोहझरी गाव उठवून बाहेर वसवलं, तेव्हा ठरलेली ही गोष्ट. पण फुकटची माणसं बसली की त्या जिप्सीची ती फेरी बुडायची, आणि ज्याचा नंबर असेल तो गाडीवाला बोंबलायचा. म्हणून वाघाच्या जबड्याखाली ती ओळ गेली. दीपानंही मान हलवली. आपल्याला काय करायचं आहे!

जूनच्या सत्तावीस तारखेला अश्वजित आला. चाळिशी उलटलेला, नव्या मोहझरीत पंक्चरचं दुकान चालवणारा माणूस. मोटरसायकलवर मागे त्याची माय, नलूबाई, दुपट्ट्यानं त्याच्या कमरेला बांधलेली.

"मॅडम, मायले आत न्याचं हाय. जुन्या गावात. तिले आता काही याद राह्यत नाई, पन घर तेवढं याद हाय. चार दिवसापासून घास खाल्ला नाई तिनं. म्हन्ते, मले घरी ने, मंग खाईन."

"पूर्ण गाडी करावी लागेल. गाडी, गाइड, प्रवेश धरून साडेतीन हजार," दीपा म्हणाली. चार महिन्यांत शेकडो वेळा म्हटलेलं वाक्य होतं ते, अडखळायचं कारणच नव्हतं.

"आमी मोहझरीचेच होय ना! आमाले काई..."

"दर सगळ्यांना सारखेच आहेत."

हे म्हणताना ती फलकाकडे बघत नव्हती. म्हातारी मात्र खिडकीच्या गजांना धरून उभी होती. "बाई, दार उघड वं. चूल पेटवाची हाय. लेकराचा बाप वावरातून येईन आता." तिचे डोळे आत, जंगलाकडे लागलेले.

अश्वजित गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. बाराशे रुपये जमले होते. "बाकीचे दिवाळीले देतो, मॅडम. तीस तारखेले गेट बंद होते. मंग तीन महिने बंद. डॉक्टर म्हन्ते, तीन महिने काढन असं वाटत नाई." बोलता बोलता त्यानं चक्क हात जोडले. मागे पुण्याच्या पाहुण्यांची रांग होती, आणि खेमसिंग गाडीला टेकून दीपाकडेच बघत होता. दीपा म्हणाली, "उधारीवर तिकीट मिळत नाही."

गेटवरचा बांबू वर-खाली करणारा धावजी चौकीदार हे सगळं ऐकत होता. साठीचा, शेजारच्या बंजारा तांड्यावरचा माणूस. रांग सरल्यावर तो खिडकीशी आला.

"पोरी, तुले त्या फ्लेक्साखाली काय लिव्हलं ते मालूम हाय ना?"

"आहे, काका. पण माझी नोकरी खेमसिंगभाऊच्या हातात आहे. मला घर चालवायचं आहे."

"चालव ना! मी कोठी नाई म्हन्तो? पन एक सांग. हे पुन्या-मुंबईचे लोक पैशे काहून भरते? वाघ हाय म्हनून. अन् वाघ काहून हाय? या लोकायनं घर सोडलं म्हनून. पाहुना आला तर पावती फाडते. या बुढीनं तर आपलं घर मोडून देल्लं. तिची पावती कोन फाडन?"

"मी एकटीनं काय होणार, काका? वरून जे चालत आलं..."

"वरून काई चालत येत नाई, पोरी. वरचा त् ती ओळ लिहून मोकळा झाला. ते झाकून कोन बसलं? आपनच बसलो."

दीपाला राग आला. आपल्या पोटावर येत नाही तोवर असं बोलणं सोपं असतं, असं तिला वाटलं. रात्री जेवताना मात्र घास तोंडात फिरत राहिला. उद्या तो माणूस आला तर काहीतरी करू, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि झोपली. अहो, 'उद्या'च्या भरवशावर आपण किती पापं पुढे ढकलतो!

एकोणतीस तारखेला अश्वजित भर दुपारी आला. सकाळची फेरी संपलेली, तीनची अजून सुटायची होती. गेटवर चिटपाखरू नव्हतं. तव्यासारखं तापलेलं ऊन, आणि आभाळात ढगाचा पत्ता नाही. त्यानं मायला कडुलिंबाखाली बसवलं आणि बाटली भरायला हापशीवर गेला. परत येऊन बघतो तर झाडाखाली फक्त चप्पल!

"माय! ओ माय!"

त्या हाकेनं दीपा खिडकीतून बाहेर धावली. धावजीनं नाल्याकडे बोट दाखवलं, धुळीत अनवाणी पावलं तिकडेच गेली होती. नाल्याच्या काठानं जुनी बैलवाट आत जात होती, गाव उठल्यापासून गवतानं बुजलेली. बारा वर्षांत ती वाट गाइडलोकही विसरले होते. आणि त्याच नाल्यावर आठ दिवसांपासून दोन पिल्लांची वाघीण होती.

अश्वजित अनवाणीच त्या वाटेला लागला होता, धावजीनं त्याला दोन्ही हातांनी कवटाळून अडवलं. "सोडा मले! ते बिनापान्याची हाय! सहा दिवसाची उपाशी हाय!" असा बाप्या माणूस, पण लेकरासारखा रडत होता. बाराशेच्या नोटा त्याच्या खिशातून धुळीत पडल्या होत्या. त्या उचलायचं कोणालाही सुचलं नाही.

खेमसिंगनं स्वतः गाडी काढली. एरवी पुरा पैसा घेतल्याशिवाय चावी न फिरवणारा खेमसिंग! कोणी फेरी विचारली नाही, नंबर विचारला नाही. वनरक्षक पुढे, मागे अश्वजित, धावजी आणि दीपा. दीपा कुठल्याच हक्कानं गाडीत बसली नव्हती, पण खिडकीत बसून राहणं तिला शक्य नव्हतं. ती मनात एकच घोकत होती, एका ओळीचं काम होतं. वाचून दाखवायची होती फक्त. एक ओळ!

पाणवठ्याजवळ ओल्या चिखलात वाघिणीच्या पंजांचे ठसे होते. त्यांच्या बाजूनंच अनवाणी पावलं गेलेली. अश्वजितनं ती पाहिली आणि तोंडात दुपट्टा कोंबला. धावजी आपल्या तांड्याच्या देवाला विनवत होता, "सेवाभाया, सांभाळ."

तीनाचे चार झाले, चाराचे पाच. जुन्या मोहझरीत आता होतं काय? पडक्या भिंती, बुजलेली विहीर, आणि घरांचे ओटे. हाका मारून मारून सगळ्यांचे घसे बसले. शेवटी वनरक्षकानं हात वर केला. एका ओट्यावर काहीतरी हलत होतं.

नलूबाई होती! सागाच्या पानांनी ओटा झाडत होती. ओठ फुटलेले, पाय रक्ताळलेले, लुगडं काट्यांनी फाटलेलं. पण इतके दिवस जो चेहरा नुसता कासावीस होता, तो शांत झाला होता. लेकानं धावत जाऊन तिला मिठी मारली. तिनं त्याला ओळखलं की नाही कोण जाणे. तिची नजर मागे उभ्या असलेल्या दीपावर गेली.

"ये वं बाई, बस. उन्हाची आली. अशी दारात कायले उभी राह्यली?"

दीपाला पाऊल उचलेना. म्हातारीला वाटलं, पाहुणी लाजली. तिनं झाडलेल्या ओट्यावर हात थोपटला आणि म्हणाली, "ये, ये. माह्या घरी यायले पैशे नाई लागत."

दीपा त्या ओट्याखाली मातीत मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडली. खेमसिंगनं मान फिरवली.

नलूबाईला तडक पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेलं. ऊन डोक्यात गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी, हंगामाच्या शेवटच्या सकाळी, पाहुण्यांच्या देखत दीपा स्टुलावर चढली आणि फ्लेक्सची तार उकलू लागली. बोटं सोलली. खेमसिंग समोर येऊन उभा राहिला, पण तिचे हात थांबले नाहीत.

"ठेवायचं नसेल तर ठेवू नका, भाऊ. पण हा आता इथं राहणार नाही."

खेमसिंग मागे वळला. गाडीकडे गेला, टूलबॉक्स उघडला आणि पक्कड आणून तिच्या हातात दिली. "हातानं नाई निंघत थे," एवढंच म्हणाला.

दीपानं नलूबाईच्या नावाची शून्य शुल्काची पावती फाडून ठेवली. ती घ्यायला कोणी आलं नाही. सलाईनवरची म्हातारी कुठून येणार! त्या दिवशी सूर्य मावळताना धावजीनं गेट लावून घेतलं. पंधरा दिवसांनी नलूबाई गेली.

ऑक्टोबरमध्ये गेट उघडलं. खिडकीवर दीपाच होती. पहिल्याच सकाळी नव्या मोहझरीहून सात माणसं आली, कोणी काठी टेकत, कोणी नातवंडाचं बोट धरून. त्यांत अश्वजित होता. हातात मायच्या अस्थींचं गाडगं. तिच्या ओट्याजवळ कडुलिंबाचं रोप लावायला वनरक्षकानं होकार दिला होता. त्याच्या बुडाशी मूठभर अस्थी ठेवायच्या होत्या.

अश्वजितनं सवयीनं खिशात हात घातला. दीपानं त्याचा हात धरला.

"दादा, तुमच्या मायनं हे तिकीट बारा वर्षांपूर्वीच भरलंय. मीच तिला पावती द्यायला उशीर केला." आणि तिनं ती जूनची पावती त्याच्या हातात ठेवली.

मग तिनं नोंदवही ओढली. सात नावं लिहिली. आठवं लिहिलं, नलूबाई. पुढच्या रकान्यात 'भेटीचे कारण' विचारलं होतं. सगळे पर्यटक तिथं 'वाघ पाहणे' लिहितात. दीपानं लिहिलं, 'घरी जाणे'. धावजीनं बांबू वर केला आणि गाडी आत गेली.

वाचकहो, जंगलाला जाल तेव्हा तिकीट जरूर काढा, पावती मागून घ्या. त्या पैशावर जंगल राखलं जातं. पण फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, आणि ती झाकलेली दिसली तर का झाकली ते विचारा. आणि तुम्ही स्वतः कुठल्या खिडकीमागे बसत असाल, तर समोरच्याचा हक्क त्यानं मागायची वाट पाहू नका, आपणहून वाचून दाखवा. दीपानं तो वाचला, पण एक दिवस उशिरा. तेवढ्या एका दिवसात एक माय चार मैल अनवाणी चालून आपल्या घरी गेली.