लिंबायतचं केंद्र

निरीक्षणगृहातली शाळा म्हणजे सरकारी अनुदानावर चाललेली एक खोली, खिडकीला गज आणि फळ्याला पोपडे. तिथे शिकवून अपर्णाबाई थकल्या होत्या. गुन्ह्यात सापडलेलं पोर यायचं, चार धडे व्हायचे, की जामीन. घरी गेलं की पुस्तकाला शिवायचं नाही. कोणी पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला लागायचं, कोणी सचिन गावात लूमवर. आता कुणात जीव गुंतवायचा नाही, असं बाई दरवर्षी ठरवायच्या. पण जित्याची खोड, ती जाते कुठे?

गजेंद्र मोबाइलचोरीत आला. लिंबायत वस्तीतला खानदेशी पोरगा, मराठी शाळेत शिकलेला आणि खरंच हुशार. त्याचा दहावीचा फॉर्म बाईंनीच धावपळ करून भरला. तेवढ्यात त्याची आई, प्रमिलाबाई, जामिनासाठी बाल न्याय मंडळापुढे उभी राहिली. घरी बसून साड्यांना टिकल्या लावणारी बाई ती, तिला कायदा काय कळणार.

"मना पोऱ्याले घर लई जाऊ द्या," ती म्हणाली. "मी धाडसू ना परीक्षाले."

मंडळावरची माणसं गुजराती, त्यांना तिची अहिराणी कळेना. त्याचं गुजराती अपर्णाबाईंनीच करून सांगितलं, आणि वर स्वतःचं मतही जोडलं, की सगळ्या आया असंच म्हणतात, परीक्षेला एकही पाठवत नाही. मंडळाला ते पटलं. परीक्षा संपेपर्यंत मुलगा इथेच राहील, असा हुकूम झाला. प्रमिलाबाई पदर सावरून निघून गेली.

मग परीक्षा केंद्राचं लचांड. निरीक्षणगृहाजवळचं केंद्र गुजराती माध्यमाचं. बाई शिक्षण कार्यालयात खेटे घालून हैराण झाल्या, पण शेवटी लिंबायतचं मराठी केंद्र मिळवलंच. पोराला आपल्या भाषेत लिहिता येईल म्हणून त्या खूश होत्या. पोलीसही साध्या कपड्यांत, साध्या गाडीतून नेणार होते, तसं कबूल झालं होतं.

मराठीच्या पेपरला दारात आली ती जाळीची पोलीसगाडी, सोबत वर्दीतले दोन शिपाई. साध्या वेशातले म्हणे बंदोबस्ताला गेले. बाई भांडल्या, पण घड्याळ कुणासाठी थांबतंय! चला, निघू या, असं त्याच म्हणाल्या.

केंद्राच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा कुठे बाईंच्या लक्षात आलं. मराठीचं केंद्र म्हणजे गजेंद्रची अख्खी गल्लीच की! त्याच्या वर्गातली पोरं, त्यांचे आईबाप, सगळे गाडीकडे बघत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. इतकी साधी गोष्ट आपल्या ध्यानात कशी आली नाही, म्हणून बाईंना स्वतःचीच चीड आली.

कुणीतरी "ए गज्या" अशी हाक मारली. तो बाकाच्या कोपऱ्यात सरकला. बाईंनी समजावलं, शेवटी दरडावलं. तो उतरेना.

"मॅडम, घरी असतो तर यांच्यासोबत चालत आलो असतो," तो म्हणाला.

गर्दीतून प्रमिलाबाई आली. तिच्या हातात दही-साखरेची वाटी होती. शिपायाला न विचारताच ती गाडीत चढली, आणि तोही अडवायला धजावला नाही. तिने पोराच्या तळहातावर दही घातलं. त्याने मुकाट्याने चाटलं, पण जागचा हलला नाही. घंटा झाली, पोरं आत गेली, फाटक लागलं.

"पेपर तं गया," प्रमिलाबाई म्हणाली. "आता तरी सोडा त्याले."

"अजून पेपर आहेत, ताई. हुकूम परीक्षा संपेपर्यंतचा आहे." बोलताना बाईंची मान वर होईना. "पुढच्या पेपरला परत आणू."

"याच गाडीमा?"

साधी गाडी मिळेल, असं सांगायला बाईंनी तोंड उघडलं. पण खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.