तीन घड्यांचा मासा

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कुणाचाच बसत नाही. आमच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावात कुणी थाप मारली, की ऐकणारा म्हणतो, "हे जाऊन नावाड्याला सांग!" ऱ्हाइन नदीवर आडव्या ताणलेल्या दोराला बांधलेल्या होड्या चालतात. त्यांचे नावाडी बिचारे या काठावरून त्या काठावर जाता जाता सगळ्या गावाच्या थापा निमूट ऐकून घेतात. मी त्यांनाही सांगून पाहिलं. एक नावाडी तर ऐकता ऐकता उतारू न घेताच निघून गेला.

मी एक जुना मासा आहे. रंग नारंगी, डोळा पांढरा, पोट मोठं. खरं सांगायचं तर मी वॉटरप्रूफ पिशवी आहे, पण बेतलीय माशासारखी. ओटिलीबाई शाउब यांच्या दाराजवळच्या खुंटीवर मी लटकत असतो. माझ्या खाली फळीवर बाईंचा जुना फोन पडलेला असतो. तो हल्ली कुणाशी बोलत नाही. एका परीने ते बरंच आहे.

माझ्या अंगात सुईचा एकही टाका नाही. सुईचं भोक म्हणजे नदीला दिलेलं आमंत्रण. म्हणून माझ्या कडा तापवून एकमेकींना चिकटवल्या आहेत. तोंड मात्र उघडं. ते गुंडाळून बंद करायचं असतं. 'सात घड्या घाला' असं माझ्या गालावर ठळक छापलं आहे. सात घड्या, मग बकल. सात म्हणजे सात. सहा नव्हेत आणि 'असू दे, चालतंय' तर मुळीच नव्हेत.

पहिल्या उन्हाळ्यात मला नदीवर नेलं तेव्हा मी हादरूनच गेलो. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या आणि चांगली शिकलीसवरलेली माणसं नदीच्या पायऱ्यांवर येऊन कपडे उतरवू लागली! आत पोहण्याचे कपडे होते म्हणून बरं. कोट, बूट, चष्मा, किल्ल्या, फोन असं सगळं माशाच्या पोटात कोंबलं, घड्या घातल्या आणि सगळे धपाधप पाण्यात! प्रवाहाबरोबर वाहत वाहत घराच्या जवळच्या पायऱ्यांना लागायचं, कपडे चढवायचे आणि जेवायला जायचं. आमच्याकडे लोक कामावरून घरी असे जातात. माझ्या शेजारच्या हिरव्या माशाच्या पोटात एका न्यायाधीशांची विजार होती, आणि न्यायाधीश स्वतः त्याला मिठी मारून गाणं म्हणत चालले होते.

ओटिलीबाईंनी सगळा जन्म ट्राम चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांना वाहायला भारी आवडायचं. "वळायला नको, थांबायला नको, तिकिटं नकोत," असं त्या म्हणायच्या. माझ्यावर त्यांचा फार जीव. एकदा एका हंसाने मला शत्रू समजून चोच मारली, तर बाईंनी त्या हंसाला असं झापलं की तो पुढच्या पुलापर्यंत मान खाली घालून पोहत गेला.

आणि मग एकाएकी मी खुंटीवर आलो.

बाईंचे यजमान फ्रिडोलिन यांच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. नवी किडनी मिळाली की दवाखान्यातून फोन येणार होता, आणि तो वेळेत उचलला नाही तर किडनी यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. फ्रिडोलिन स्वतः फोन बाळगत नसत. "असल्या डबड्याला मी हात लावणार नाही," हा त्यांचा बाणा. घरातला जुना फोनही कधीच काढून टाकलेला. म्हणून बाईंचा नंबर दिला होता. तेव्हापासून बाई त्या फोनला सोडून न्हाणीघरातसुद्धा जाईनात. नदी तर दूरच राहिली. माझ्या डोळ्यावर धूळ बसली.

ऑगस्टातल्या एका रणरणत्या दुपारी फ्रिडोलिन म्हणाले, "ओटिली, नदीवर जा. तापल्या तव्यासारखी तडतडायला लागली आहेस."

"आणि फोन आला तर?"

"तो खुंटीवरचा लठ्ठ्या कशाला आहे मग? घाल त्याच्या पोटात. वाजला की काठाला लाग आणि बोल."

"आणि तू?"

"मी कुठं पळून जातोय! पळायला लागलो तर ते डायलिसिसचं मशीन माझ्या मागं धावत येईल."

बाई हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या. मला खाली काढलं, फडक्याने पुसलं, आणि आम्ही निघालो.

पायऱ्यांवर पोहोचलो तेव्हा त्यांचं सगळं लक्ष घराकडे. भरकन बुडी मारून परत जायचं होतं. फ्रॉक आत गेला, चपला आत गेल्या, वर फोन गेला. मग घड्या. एक. दोन. तीन. आणि बकल खट्!

मित्रांनो, मला वाटलं माझं चुकलं मोजताना. तीन? ज्या बाईने जन्मभर ट्रामचे दरवाजे लागल्याची खात्री केल्याशिवाय गाडी हलवली नाही, तिच्या तीन घड्या? मला ओरडायचं होतं. पण माझं तोंडच तर गुंडाळलेलं! त्यात माझा पट्टा मनगटाला नीट बांधायचा, तर तोही नुसता बोटांत अडकवलेला.

आम्ही वाहू लागलो न लागलो तोच एक मालवाहू बोट बाजूने गेली. लाट आली. पट्टा सुटला. मी कुठल्या कुठे!

"माझा मासा!" बाई किंचाळल्या. "अहो, माझा मासा धरा!"

"कुठला बाई?" एक पोहणारा हसत म्हणाला. "नारंगी? इथं निम्मे नारंगीच आहेत!"

आणि खरंच, दहा-बारा जणांनी आपापले मासे वर धरून दाखवले. कुणाला कल्पनाही नव्हती की त्या एका माशाच्या पोटात एका माणसाचं उरलेलं आयुष्य आहे.

मी एकटाच वाहत होतो. थोडं ओलसर वाटत होतं. भीतीने घाम फुटला असावा.

काठावर खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी खोल्या आहेत, कोळ्यांच्या. प्रत्येकीपुढे लांब दांड्याला एक मोठी चौकोनी जाळी टांगलेली असते. रहाट फिरवून ती पाण्यात सोडायची आणि उचलायची. त्यातल्या एका खोलीत निग्गी नावाचा म्हातारा बसायचा. कित्येक वर्षांत त्याला तळहाताएवढ्यापेक्षा मोठा मासा मिळाला नव्हता. त्याने सहज रहाट फिरवला आणि जाळीतून मी वर आलो.

निग्गीने टोपीच काढली. "आलास का राजा!" तो कापऱ्या आवाजात म्हणाला. त्याचा चष्मा घरी राहिला होता. त्याने मला उराशी धरलं, आणि तेवढ्यात माझं पोट वाजायला लागलं.

निग्गी स्टुलावरून मागे कोसळला. "माशाला फोन आलाय!"

मग चाचपडत बकल काढलं, फोन बाहेर घेतला आणि शर्टाला पुसला. लोकांना उगाच पुसायची सवय असते.

"शाउबबाई का?" पलीकडून एक बाई.

"नाही, निग्गी बोलतोय."

"शाउबबाई कुठं आहेत?"

"मला काय ठाऊक? फोन माशाच्या पोटात होता."

पलीकडची बाई खेकसली, "हे जाऊन नावाड्याला सांगा! हा दवाखाना आहे. जिवाचं काम आहे."

"अहो ताई, देवाशप्पथ!" निग्गीने मला डोळ्यांशी नेलं. "नारंगी आहे, आणि गालावर काहीतरी छापलंय. सात... सात घड्या घाला."

"अरे देवा. *तो* मासा!" आवाज एकदम पडला. "म्हणजे बाई नदीत आहेत? शोधा त्यांना! त्या सापडल्या नाहीत तर मला पुढच्या माणसाला फोन करावा लागेल."

निग्गी खिडकीशी धावला. खाली नदीत पोहण्याची एक जांभळी टोपी सपासप हात मारत येत होती, आणि रुळांवर मोटार आडवी आली की ट्रामवाली ओरडते तशी ओरडत होती, "बाजूला व्हा! बाजूला! माझा मासा!"

निग्गीने जाळी सोडली. टोपी जाळीवर आली तसा रहाट गरगर फिरवला. पहिल्या उचलीत मासा आणि दुसऱ्या उचलीत ओटिलीबाई! गुडघे हनुवटीला, जाळी पाण्यावर झोके घेतेय.

"सोड मला, येड्या! मला माझा मासा शोधायचाय!"

निग्गीने लांब दांड्याच्या छोट्या जाळीत फोन ठेवून पुढे धरला. "बाई, माशातून तुमच्यासाठी फोन आहे."

बाईंनी फोन कानाला लावला.

"हो," त्या म्हणाल्या. मग फार हळू, "हो. आम्ही येतो. आत्ताच येतो."

एवढं झालं आणि फोनने डोळे मिटले. दमला असेल.

निग्गीने आपल्या टेम्पोतून बाईंना घरी नेलं आणि तिथून नवराबायकोला दवाखान्यात सोडलं. फ्रॉक पिळून घालावा लागला, पण नदीकाठची हवा दमट असतेच. रात्री उशिरा डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, नवी किडनी कामाला लागली.

आता फ्रिडोलिनच मला नदीवर नेतात. पायऱ्यांवर उभे राहून मोठ्याने घड्या मोजतात, एकपासून सातपर्यंत. आजूबाजूचे लोक हसतात, आणि मग गुपचूप स्वतःच्या घड्या सोडून पुन्हा घालतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याकडेही कुणी माझ्यासारखा असेल तर एवढं करा. आधी त्याच्या पोटात नुसता कोरडा कागद घाला, तोंड नीट बंद करून पाण्यात दाबून धरा. कागद कोरडा निघाला तरच त्याला फोन द्या. घड्या मोजा. पट्टा बांधा. आणि त्याची कड कधी तडकली तर त्याला सरळ निवृत्त करा. त्याला वाईट वाटेल, तरी करा. सगळेच काही माझ्यासारखे नसतात. मी त्या दिवशी तीन घड्यांवर एवढी मोठी नदी अडवली. आत एक थेंब येऊ दिला नाही. एक थेंबसुद्धा...

"एक थेंब?"

आवाज खालच्या फळीवरून आला. घोगरा, गुडगुडता.

"लठ्ठ्या, तुझ्या पोटात मी गळ्यापर्यंत बुडालो होतो! ओटिलीबाई 'येतो' म्हणेपर्यंत कसाबसा श्वास धरून ठेवला मी. त्या दवाखानावाल्या ताई आणखी एक वाक्य बोलल्या असत्या ना, तर किडनी पुढच्या माणसाला गेली असती आणि फ्रिडोलिन आज घड्या मोजायला नसते. एक थेंब नाही म्हणे! जा, हे जाऊन नावाड्याला सांग!"