दुसरा गिअर टिकेना

मी एका पिकअपचा गिअरबॉक्स बोलतोय. तुम्ही मला पाहिलेलं नाही, पैजेवर सांगतो. गाडी घेताना माणसं रंग बघतात, टायरला लाथ मारून बघतात, बॉनेट उघडून इंजिनापुढे देवळात उभं राहावं तशी उभी राहतात. खाली वाकून मला कोण बघतो? माझा दांडा तेवढा केबिनमध्ये वर येतो आणि त्याच्या टोकाला एक काळा गोटा असतो. तुमची ओळख त्या गोट्याशी. इंजिनाची ताकद चढाला किती द्यायची आणि सपाटीला किती, हे सगळं मी बघायचं. पण गाडी झकास पळाली की कौतुक इंजिनाचं, आणि कुठे खर्रर्र झालं की शिव्या मला. आता तर शिव्या घालायलाही कुणी नाही. गुंडू मिस्त्रीच्या गॅरेजमागे उघड्यावर पडलोय. भंगाराचा टेंपो या आठवड्यात यायचाय, म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगतो.

माझं कवच शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत ओतलं गेलं. वाळूच्या साच्यात लालभडक लोखंड पडलं, आणि निवल्यावर मी बाहेर आलो. मग एका लांबच्या कारखान्यात माझ्या पोटात दातेरी चाकं बसवली, पुढचे पाच गिअर आणि मागचा एक. पोटात दाट तेल भरलं आणि एका नव्याकोऱ्या डिझेल पिकअपखाली मला जोडलं. गाडी विकली गेली ती परत कोल्हापुरातच. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पहिला मालक गणपतराव, कागलजवळचा दूधवाला. माणूस मनानं चांगला, पायानं वाईट. सगळा दिवस त्याचा डावा पाय क्लचवर ठेवलेला, जणू तो पाय टेकायचा पाटच आहे. आणि पहिला गिअर टाकायचा म्हणजे त्याला कमीपणा वाटायचा. "पयला गेर घाटासाठी असतोय," असं म्हणून भरल्या कॅनांसकट गाडी दुसऱ्यावर उचलायचा. अशा माणसाला समजावणार कोण? माझा दुसरा गिअर दुखायला लागला तो तेव्हापासून. मग त्यानं मोठी गाडी घेतली आणि आम्हाला चन्नाप्पाला विकलं.

चन्नाप्पाचा हात गोट्यावर पडला त्या दिवशी मला कळलं की गिअर टाकणं म्हणजे काय असतं. घाई नाही, हिसका नाही. क्लच पूर्ण दाबायचा, इंजिनाचा आवाज ऐकायचा आणि मग दांडा अलगद सरकवायचा. गाडी जुनी म्हणून कधी कधी दोनदा क्लच मारून मला वेळ द्यायचा. सोमवारी त्याची बायको नीलम्मा गाडीतल्या बसवेश्वराच्या फोटोला विभूती लावायची आणि उरलेली तीन बोटांनी माझ्या गोट्यावर ओढायची. काळ्या गोट्यावर तीन पांढरे पट्टे. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एवढा मान दुसऱ्या कुठल्या गिअरबॉक्सला मिळाला असेल, तर मला दाखवा.

चन्नाप्पाला एक खोड मात्र होती. सरळ रस्त्यावरही त्याचा डावा हात गोट्यावरच असायचा. मायेनं ठेवायचा, पण त्या वजनानं आत गिअर धरून ठेवणारा लोखंडी चिमटा थोडा थोडा झिजत गेला. लाडानंही माणूस एखाद्याचं वाटोळं करतो, आणि ज्याचं होतं त्याला तक्रारही करता येत नाही.

आम्ही शिरोलीच्या फौंड्रीतून ओतीव लोखंडाची कास्टिंग भरायचो आणि बेळगावला नेऊन द्यायचो. कागल, निपाणी, मग तवंदीचा घाट आणि पुढे सरळ रस्ता. फौंड्रीत गाड्या लावायचं काम सयाजीकडे होतं. तो ज्याला माल देईल त्याची गाडी चालायची. चन्नाप्पावर त्याचा विश्वास होता आणि आमचं बरं चाललं होतं.

एकदा बेळगावात माल उतरवताना एक जड कास्टिंग घसरलं आणि चन्नाप्पाचा डावा हात गाडीच्या मागच्या फाळक्यात सापडला. हात वाचला, पण बोटं वाकडी झाली ती झालीच. मूठ म्हणून वळेना. चहाचा कपसुद्धा त्या हातात राहत नव्हता. घरी आल्यावर तो केबिनमध्ये येऊन बसला, हात गोट्यावर ठेवला आणि दांडा ओढायला गेला. बोटं गोट्यावरून नुसती घसरली. त्यानं परत प्रयत्न केला, परत घसरली. मग स्टिअरिंगवर डोकं टेकवून तो रडला. मी खालून सगळं ऐकत होतो आणि मला काही करता येत नव्हतं.

नीलम्मा दाराशी येऊन उभी होती. "आवं, पाय धड हाय न्हवं?" ती म्हणाली.

"पायाला काय झालंय?"

"मग क्लच तुमी दाबा. दांडा मी वढतो."

"येडी हाईस काय तू? सयाजीला कळलं तर फौंड्रीच्या दारात उभा करंल काय मला?"

"त्याला सांगतंय कोण?"

तशी ती डावीकडून आत शिरली आणि त्याच्याजवळ सरकून बसली. त्याचा वाकडा हात तिनं उचलून गोट्यावर ठेवला, वर आपला हात ठेवला आणि त्यावर पदर ओढला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, चन्नाप्पाच गिअर टाकतोय. कागलच्या मोकळ्या माळावर तिची शिकवणी सुरू झाली. गिअरचे आकडे तो कानडीत सांगायचा, त्यांच्या घरातल्या बोलीत. पहिला ओंदु, दुसरा एरडु, तिसरा मूरु. पाठीमागे हमाल बसले तरी त्यांना पत्ता लागू नये म्हणून.

"तुझ्याकडं आनि फुडं, ओंदु. तिथनं सरळ मागं, एरडु."

पहिले काही दिवस तिनं मला रडवलं. दात दातावर घासायचे, आवाज माळभर जायचा, आणि ती घाबरून हात काढून घ्यायची. पण कान तिचा तिखट. थोड्याच दिवसांत इंजिनाचा सूर बदलला की त्यानं आकडा सांगायच्या आधीच तिचा हात तयार असायचा. लोकांनी विचारलं तर सांगायचं, संकेश्वरला माहेरी निघाली आहे. "चन्नाप्पा, वैनींना माहेरची लईच वड लागल्याली दिसतिया," असं सयाजी थट्टेनं म्हणायचा. दोघं हसायची, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत मागे वळून बघायची नाहीत. पावसाळा गेला, ऊस तुटला, आणि आमची गाडी चालूच राहिली.

पण माझं बिघडत चाललं होतं. चढावर भरली गाडी दुसऱ्यात असली की माझा दुसरा गिअर आपोआप सुटायचा. खट्कन दांडा मधे यायचा, इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडीतली ओढ जायची. मी धरून ठेवायचा जीव तोडून प्रयत्न करायचो, पण चिमट्यात दमच उरला नव्हता. नीलम्मा मग दोन्ही हातांनी दांडा मागे दाबून धरायची, घाट संपेपर्यंत. तिच्या तळहाताला घट्टे पडले. गुंडू मिस्त्रीनं खाली शिरून बघितलं. "बॉक्स खोलावा लागंल," तो म्हणाला. "तवर दुसऱ्यावर भरवसा ठिऊ नका." पण मला खोलायचं म्हणजे गाडी उभी राहणार, आणि उभ्या गाडीच्या जागी सयाजी दुसरी गाडी लावणार. पुढच्या महिन्यात बघू, असं करत चन्नाप्पा ढकलत राहिला.

आणि एका सकाळी माल भरून झाल्यावर सयाजी दार उघडून आत चढला. "आज मीबी येतो बेळगावला. मालाची तक्रार आलीया, बघून यायची हाय. वैनी, सरका मधी."

नीलम्मा मधे सरकली. चन्नाप्पानं तिच्याकडे बघितलं आणि 'नको' म्हणून मान हलवली. परक्या पुरुषाच्या मांडीला मांडी लागू नये म्हणून ती आधीच अंग चोरून बसली होती. त्याच्यादेखत नवऱ्याचा हात धरायचा? तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मांडीवर दाबून ठेवले.

चन्नाप्पानं मनगटाच्या धक्क्यानं पहिला टाकला. दुसरा कोपरानं ओढला. सयाजी खिडकीबाहेर बघत उसाच्या दराचं बोलत होता, त्याला काही कळलं नाही. निपाणी गेली. मला वाटलं, निभावतंय. तवंदीच्या चढाला लागलो आणि पुढे बघतो तर रस्त्याचं काम चाललेलं. एका बाजूनंच गाड्या सोडत होते, पुढे ट्रकांची रांग मुंगीच्या पावलानं चढत होती. तिसऱ्यावर इंजिन धापा टाकायला लागलं. दुसरा हवा होता. त्यानं कोपर घालून दांडा मागे ओढला, आणि मी दुसऱ्यात बसलो.

बसलो, पण किती वेळ? वर ठासून भरलेला माल, खाली चढ, आणि दांडा दाबून धरायला कुणी नाही. मी मनात ओरडत होतो, नीलम्मा, हात दे. तिच्या पदराखाली बोटं एकमेकांत रुतली होती. आणि मी सुटलो.

गाडी थबकली आणि मागे सरकायला लागली. चन्नाप्पानं ब्रेकवर पाय रोवला, पण एवढं ओझं ब्रेकला पेलेना. हँडब्रेकही डाव्या हाताचाच. तो वाकड्या हातानं त्यावर झडपला आणि बोटं घसरली. मागे रस्त्याच्या कामावरच्या बाया खडीच्या पाट्या डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होत्या. सयाजी ओरडला, "चन्नाप्पा! गेर टाक की रं!"

चन्नाप्पाची शरम कुठल्या कुठे गेली. "नीला! ओंदु! ओंदु हाकु!"

पहिला टाक, असं त्यानं म्हणायचा अवकाश, पदर फेकून तिनं गोटा धरला, त्याच्या हातासकट, आणि सगळं अंग घालून दांडा पुढे रेटला. चाकं मागे फिरत असताना पहिला गिअर पडत नाही, पडूही नये. माझे दात दातांवर आपटले. एक तुटला, मग दुसरा, तुकडे माझ्याच तेलात पडले. मला एवढंच कळत होतं की आता सोडलं तर त्या बाया गेल्या, आणि हे तिघंही गेले. जे दात उरले होते त्यांनी मी पकडलं. गाडीनं आचका दिला, इंजिन बंद पडलं, आणि आम्ही उभे राहिलो. सयाजीनं उडी मारून चाकामागे दगड लावला. खालच्या बाया पाट्या टाकून रस्त्याच्या कडेला पळाल्या होत्या. कुणाला काही झालं नाही.

सयाजी बॉनेटला टेकून उभा राहिला. "हे कवापासनं चाललंय?" त्यानं विचारलं.

उत्तर नीलम्मानं दिलं. "हात त्यांचाच हाय, सयाजीराव. जोर तेवढा माझा."

"वैनी, आज वाचलो. उद्या वाचूच असं न्हाय." सयाजी म्हणाला. "मला माल देता येणार न्हाय आता. राग धरू नका." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. म्हणायची फार इच्छा आहे, पण त्या पाट्यावाल्या बाया माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

गाडी ओढत गुंडूच्या गॅरेजात आणली. त्यानं मला खाली उतरवलं, तेल ओतून काढलं. तेलाबरोबर माझे दात घमेल्यात पडले. चन्नाप्पानं त्यातला एक उचलून बराच वेळ हातात धरला. "पयला, दुसरा संपला," गुंडू म्हणाला. "चवथ्या-पाचव्याचंबी काय खरं न्हाय. तिसरा तेवढा शाबूत हाय. पर एका गेरवर गाडी चालत न्हाय, आनि चालवणार तरी कोण?"

नीलम्मानं दांड्यावरचा गोटा फिरवून काढला, पदराला पुसला आणि कमरेला खोचला. निघताना चन्नाप्पा वळला. "गुंडू, बाईमाणसाचं लायसन निघतंय काय रं?"

"निघतंय की. पर शिकायला गाडी पायजे, आनि गाडीला बॉक्स पायजे."

त्याला आता बरेच महिने झाले. दुसरा बॉक्स मिळालेला नाही. गुंडू जुन्या बाजारात बघतो, मिळतो तो फुटका, नाही तर निम्मा रिकामा. चन्नाप्पा आता कबनूरला एका यंत्रमागाच्या कारखान्यात रखवालीला जातो. पण सोमवारी सुट्टी असते, आणि सोमवारी दोघं इथं येतात. माझ्यावाचून उभ्या असलेल्या गाडीचं दार उघडतात. नीलम्मा उजवीकडे बसते, स्टिअरिंगवर. तो डावीकडे. मी पडलोय तिथून मला दोघं दिसतात. जिथं माझा दांडा होता तिथं नुसतं भोक आहे, त्यावर गुंडूनं गोणपाट टाकलंय. ती मुठीत काळा गोटा धरते, त्यावर अजून तीन पांढरे पट्टे असतात. पाय क्लचवर दाबते. तो आपला वाकडा हात तिच्या मुठीवर ठेवतो आणि म्हणतो, "एरडु." तिचा हात हवेतून मागे येतो. "मूरु." हात पुढे जातो, मधोमध, अगदी जिथं जायला हवा तिथं. खाली काही नाही.

किती दिवस हवेत गिअर टाकायचे तिनं? मला हे बघवत नाही. भट्टीत जायचं मला भय नाही, भट्टीतूनच आलोय मी, शिरोली इथून लांबही नाही. पण मी गेलो आणि ती तशीच त्या सीटवर बसून राहिली, तर माझ्या जन्माचा काय उपयोग झाला?

गुंडू, तू रोज माझ्यावर पाय ठेवून पान्हा शोधतोस. बाबा, एकदा खाली बघ. तो टेंपो यायच्या आत मला पुरता खोल. बाजारात तो निम्मा रिकामा बॉक्स तू बघितलास ना, तो आण, आणि माझ्यातलं जे चालतं ते त्यात घाल. तिच्या मुठीखाली काहीतरी येऊ दे. माझा तिसरा शाबूत आहे. तो काढून घे.