थर्माकोल गिळणारा हंडा

भंडाऱ्याच्या दिवशी आमचं गाव दोनदा जेवलं. भूक होती म्हणून नव्हे, कचरा कमी पडत होता म्हणून.

मारुतीच्या पारावर विघटनानंद महाराज बसले होते आणि पुढ्यात त्यांचा पितळी हंडा. लोक जेवायचे, थर्माकोलची ताटली धुवायचे आणि रांगेत उभे राहायचे. महाराज ताटली हंड्यात सोडून "ॐ बायो, ॐ बायो" म्हणायचे. आत फुस्स व्हायचं आणि ताटली गडप! दुपारपर्यंत ढीगभर ताटल्या गेल्या, पण हंडा काही भरेना. मग कुणी फ्रिजच्या खोक्यातलं थर्माकोल आणलं, कुणी गणपतीचं मखर. मुंजाजी तर दोन ताटल्या घेऊनच पंगतीला बसला. एक पोटाला, एक पुण्याला.

"तुमचं थर्माकोल विघटनशील झालं!" महाराज गरजले. "गाव झिरो वेस्ट झालं!"

"जय विघटन!" गाव ओरडलं. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, पण शब्द भारदस्त होता. सरपंच भुजंगरावांनी तर तो कमानीवर रंगवूनही घेतला होता.

मी एसटीत कंडक्टर होतो. गाडीतला फुकट्या दिसेनासा झाला म्हणजे तो उतरला, असं मी कधी मानलं नाही; आधी सीटखाली वाकून बघायचो. म्हणून मला एकच प्रश्न पडला, ताटल्या उतरल्या कुठं? आणखी एक गोष्ट खटकत होती. पारावर दिवा नव्हता, उदबत्ती नव्हती. रुख्मिणीकाकूंनी निरांजन आणलं, तर महाराज टुणकन मागं सरले.

"आग न्हाई! धुरातून कार्बन निघतो. आपली आरती कार्बन न्यूट्रल हाय!"

मग गावानं नुसत्या टाळ्या वाजवून आरती केली. मारुतीपुढची समईसुद्धा विझवली.

इथवर मी हसण्यावारी नेलं. पण महाराजांनी हंड्यातलं पेलाभर पाणी काढलं आणि म्हणाले, "हे हरित तीर्थ. पहिला घोट गर्भार बाईचा. सरपंच, तुमच्या सुनेला बोलवा!"

राजेश्रीला सातवा महिना होता. भुजंगरावांनी पेला तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

"मामंजी, ह्याला माझ्या नेलपॉलिश काढायच्या बाटलीचा वास यायलाय."

"गपचिप पी. लेकराचं भलं व्हईल."

"मी पिणार न्हाई." पेला तिनं खाली ठेवला.

"बघा!" महाराज ओरडले. "पोटात प्लास्टिकचं पाप हाय, म्हणून तीर्थ सोसंना!"

बायका कुजबुजायला लागल्या. पोरीचे डोळे भरून आले. मला त्या माणसाचा असा संताप आला की काय सांगू.

तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या धम्मशीलाबाई गर्दीतून पुढं आल्या. त्यांनी पेला हुंगला. "राजेश्री, तुझी ती बाटली आण बरं. आणि कंडक्टरसाहेब, तुमी एक पळसाची पत्रावळ आणा."

मी पत्रावळ घेऊन आलो. बाईंनी ती महाराजांपुढं धरली. "थर्माकोल म्हणजे लय अवघड कचरा. झाडाचं पान तर सोपं. करा गडप!"

महाराजांनी पत्रावळ सोडली. "ॐ बायो!" पत्रावळ तरंगत राहिली. "ॐ बायो, ॐ बायो!" पत्रावळ नुसती भिजली.

"पान हट्टी हाय," महाराज घाम पुसत म्हणाले. "मागल्या जन्मी…"

"थर्माकोल असंल!" मुंजाजी बोलून गेला, आणि पहिल्यांदा गाव हसलं.

राजेश्री बाटली घेऊन आली. बाईंनी ती स्टीलच्या वाटीत ओतली आणि थर्माकोलचा तुकडा टाकला. फुस्स! मंत्र नाही, तंत्र नाही.

"ह्यात ॲसिटोन असतं," बाई म्हणाल्या. "थर्माकोल म्हणजे बहुतेक नुसती हवा. ॲसिटोननं प्लास्टिक विरघळतं आणि हवा निघून जाते. प्लास्टिक मातर तिथंच राहतं." त्यांनी हंड्यात काठी घालून वर काढली, तर टोकाला कणकेसारखा पांढरा चिकट गोळा. "ह्या बघा तुमच्या ताटल्या! दिवा का नको होता? ॲसिटोनची वाफ भडकली असती. आणि हे तुमी गर्भार पोरीला पाजायला निघाला होता! विघटनशील म्हणजे जिवाणू, बुरशी ज्याला खाऊन माती करतात ते. नजरेआड झालं ते न्हवं. आन् झिरो वेस्ट म्हणजे कचरा होऊच न देणं. तुमी तर मुद्दाम दोनदा जेवलाव!"

भुजंगरावांनी तो पेला उचलला आणि महाराजांपुढं धरला. "पहिला घोट तुमी घ्या."

"आज माझा उपास हाय," महाराज म्हणाले.

सकाळपासून तीन पंगती झोडलेला माणूस उपाशी निघाला! पुढचं पोलिसांनी बघितलं. भुजंगराव सुनेजवळ गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पोरी, तुझं नाक खरं, माझे कान खोटे. चुकलो मी."

हंड्यातला गोळा आणि ती पत्रावळ बाईंनी धुऊन शाळेमागं शेजारी-शेजारी पुरली. पावसाळा सरल्यावर उकरलं, तेव्हा पत्रावळीची माती झाली होती. गोळा मात्र जसाच्या तसा, दगडासारखा कडक. राजेश्री कडेवरच्या लेकीला घेऊन तो बघायला आली होती.

म्हणून कळकळीनं सांगतो मंडळी, शब्द कितीही हिरवा असला तरी त्याचा अर्थ विचारा. काही गडप झालं, तर ते गेलं कुठं, हेही विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कुणाच्याही हातचं तीर्थ पिऊ नका.