पोतं कोंबलेलं धुराडं

मित्रांनो, मी एक जुनं धुराडं आहे. नागपुरात इतवारीच्या मागे, विणकरांच्या गल्लीतल्या एका घरात उभं आहे. नाक मुरडू नका. काजळी माझ्या अंगाला आहे, तुम्हाला लागणार नाही.

बासष्ट साली नत्थूजींनी घर बांधलं तेव्हा गवंड्याने मला दोन भिंतींच्या मधे उभं केलं. एकीकडे नत्थूजींचा हातमाग, दुसरीकडे त्यांच्या बायकोची, रुख्माबाईंची, बिनखिडकीची स्वयंपाकखोली. माझं खालचं तोंड मागाच्या खोलीत जमिनीलगत, मधलं स्वयंपाकखोलीत चुलीच्या वर, वरचं कौलांच्या वर. चूल पेटली की माझ्या पोटातली हवा तापून हलकी व्हायची आणि वर जायची. तिच्या जागी खालून गार हवा यायची. जाणारी हवा धूर घेऊन जायची. ना पंखा, ना वीज. शेजारच्या भागीरथाबाई मुद्दाम बघायला आल्या. "तुझ्या सैपाकात धूरच नाही वं," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं होतं.

मग उन्हाळा आला. कोरड्या हवेत मागावरचं सूत तटातट तुटतं, म्हणून विणकर खोली बंद करून जमिनीवर पाणी शिंपडतात. आणि मी तर तीच ओली हवा दिवसभर ओढून नेत होतो. नत्थूजींनी माझ्या खालच्या तोंडात ओलं पोतं कोंबलं. सूत तुटायचं थांबलं.

खालून हवाच येईना, तर वर काय जाणार? धूर रुख्माबाईंच्या तोंडावर परत यायला लागला. सुताला लावायची खळही त्या तिथेच शिजवत. त्यांना खोकला लागला. गल्लीतल्या सगळ्याच बायका खोकायच्या, त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. पोतं रोज सकाळी भिजवायचं कामही रुख्माबाईंचंच. उन्हाळा संपला तरी पोतं राहिलं.

अशी वर्षं गेली. मुलगी पुष्पलता लग्न होऊन कोराडीला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. एका दिवाळीत माहेरी आली आणि आईची धाप बघून घाबरली.

"आई, ते पोतं काढ ना. काहून धूर गिळून राहिली?"

"सूत तुटलं तर तुझा बाबा दिवसभर गाठीच मारत बसन. मले सवय झाली वं."

नत्थूजींनी ऐकलं. माग चालूच राहिला.

त्याच हिवाळ्यात रुख्माबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, छाती धुराने खराब झाली होती. मला रडू आलं नाही, मित्रांनो. काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं तोंड बंद राहिलं की आतलं सगळं बधिर होतं.

तेरवीच्या सकाळी पुष्पलता चुलीपाशी बसली आणि धुराने तिला ठसका लागला. नत्थूजी उठले, मागाच्या खोलीत गेले आणि त्यांनी पोतं ओढून काढलं. धूर सरळ वर गेला. परत येऊन ते दारातच थांबले. खोली स्वच्छ दिसत होती.

"इतकंच होतं काय वं, पोरी?"

पुष्पलता चहा गाळत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात सूत रोज तुटलं. नत्थूजी वाकून गाठ मारायचे, पुन्हा बसायचे. पोतं त्यांनी परत लावलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी चुलीपाशी कोणी खोकत असेल, तर "सवय झाली" हे उत्तर ऐकून उठू नका. खाली वाकून बघा, हवेची वाट कुठे बंद झाली आहे. आणि ते माणूस तिथे बसलेलं असतानाच ती मोकळी करा.